तिसऱ्या सिलिंडरची साक्ष

सेमिनरीतील वर्षांत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, लॅटिनची तोंडओळखही करून दिली. परंतु धर्मगुरुनिवासाचे छप्पर पावसात गळू लागले, विहिरीवरचा पंप बंद पडला किंवा गाडीचे इंजीन धापा टाकू लागले तर काय करावे, हे कोणी शिकविले नाही. ही विद्या ज्याची त्याने, ज्या त्या धर्मग्रामात, बहुधा स्वतःच्या चुकांतून शिकायची असते. अशाच एका चुकीची ही हकिकत आहे. ती इंजिनाची आहे, आणि पुष्कळशी माझीही आहे.

आमच्या धर्मग्रामाची गाडी म्हणजे २००८ सालची मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने रस्त्यावर आली, पुढे तिची ‘ओम्नी’ झाली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. एके काळी वसईच्या वाड्यांतून फुले, भाजी, केळीचे घड, शाळेची मुले आणि लग्नाची वऱ्हाडी मंडळी हे सारे या एकाच गाडीत बसत असे. तिचे इंजीन लहानसे, ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे; आणि ते पुढच्या आसनांच्या खाली दडविलेले. त्यामुळे ही गाडी चालविणारा मनुष्य अक्षरशः इंजिनावर बसलेला असतो. त्याची उष्णता, त्याची थरथर, त्याची तक्रार चालकाला अंगाने कळते. मागे बसणाऱ्या आम्हांला ती कळत नाही.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी पहाटे पाच वाजता ही गाडी तीन रुग्णांना डायलिसिससाठी घेऊन जाते. रविवारी चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना मिस्सेला आणते. गेली अकरा वर्षे ती चालविणारे गृहस्थ साठी ओलांडलेले आहेत. सारा गाव त्यांना काका म्हणतो, मीही म्हणतो. मितभाषी मनुष्य. डॅशबोर्डवर एक वही ठेवतात आणि तीत किलोमीटर, तेलाची पातळी, चाकांतील हवा असे काहीबाही लिहितात. ती वही मी कधी उघडून पाहिली नव्हती.

२०२४ सालच्या जुलै महिन्यात गाडी बिघडली. बिघडली म्हणजे बंद पडली नाही. बंद पडली असती तर बरे झाले असते, निदान निमित्त कळले असते. सकाळी सुरू करताना खूप वेळ सेल्फ मारावा लागे. उभी असताना ती हिवताप भरल्यासारखी थरथरे. सपाट रस्त्यावर कशीबशी चाले, परंतु वसई रोडच्या रेल्वेवरील पुलाच्या चढाला लागली की तिचा जीव जाई. एकदा तर मागून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी भोंगे वाजवून वाजवून आम्हांला पूल चढविला. काका म्हणाले, “फादर, एक सिलिंडर मिसिंग करतोय.” मी प्लग बदलायला सांगितले. प्लग बदलले. फरक पडला नाही.

मग गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथील मनुष्याने इंजीन सुरू केले, दोनदा रेस दिली, कान देऊन ऐकले आणि निदान सांगितले: रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन संपले, इंजीन पूर्ण खोलावे लागेल. खर्च अडतीस हजार. शिवाय त्याने सहज एक प्रश्न विचारला, “मध्यंतरी गाडी गरम झाली होती का?”

झाली होती. मे महिन्यात रेडिएटरचा रबरी पाइप वाटेत फुटला होता. वाफ दिसल्यावरही काकांनी गाडी लगेच थांबविली नव्हती. सुमारे दीड किलोमीटर तशीच चालवून रुग्णालयाच्या दारात नेली होती. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली होती. आता तिला एकदम नवा अर्थ आला. धर्मग्राम परिषदेच्या सभेत कोणीतरी म्हणाले, “तापलेले इंजीन हाकले, त्याचेच हे फळ.” दुसरे म्हणाले, वय झाले आता त्यांचे. तिसऱ्याने तरुण चालकाचे नाव सुचविले. पंधरा मिनिटांत ठरले की महिनाअखेर काकांनी किल्ली द्यावी. अध्यक्षस्थानी मी होतो. मी काही बोललो नाही, आणि अध्यक्ष बोलला नाही की ठराव संमत होतो.

गोरेगावच्या सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्राच्या तासाला एक दोष शिकविला होता. त्याचे लॅटिन नाव ‘पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक’. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे मानणे. परीक्षेत मी त्याची उत्तम उदाहरणे लिहिली होती.

काकांना निरोप मीच सांगितला. ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “मला काढायचे तर काढा, फादर. पण इंजीन खोलण्याआधी एकदा कॉम्प्रेशन मोजून घ्या. त्या माणसाने मोजले नाही, नुसते ऐकले.”

मी होकार दिला तो न्यायबुद्धीने दिला, असे लिहायला आवडले असते. खरे कारण असे की पेटीत अडतीस हजार नव्हते.

येथे कॉम्प्रेशन म्हणजे काय, हे वाचकांना सांगितले पाहिजे. कारण हा शब्द मीही वर्षानुवर्षे अर्थ न कळता वापरीत आलो होतो. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ओढले जाते. मग पिस्टन वर येतो आणि ते मिश्रण आठव्या-नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबून बसवितो. त्यानंतर ठिणगी पडते. हे दाबणे म्हणजेच कॉम्प्रेशन. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार या गृहस्थाने गॅसवर चालणारे इंजीन केले, त्यात मिश्रण दाबण्याची सोयच नव्हती; ते चाले, परंतु गॅस भरमसाट खाई आणि काम थोडे करी. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने आधी दाबायचे आणि मग पेटवायचे असे चार टप्प्यांचे इंजीन सिद्ध केले, आणि तेथून आजची पेट्रोलची मोटार निघाली. इंधन तेच, ठिणगी तीच. फरक आधीच्या दाबाचा.

हा दाब टिकायचा तर नळकांडे सर्व बाजूंनी घट्ट बंद पाहिजे. बाजूने पिस्टनच्या रिंगा ते बंद करतात, वरून हेड आणि त्याखालचे गॅस्केट, आणि हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह: एक आत घेण्याचा, एक धूर बाहेर सोडण्याचा. यांतील कोठेही फट पडली की दाब निसटतो. बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात, परंतु उपाय अगदी निरनिराळे असतात. एकात इंजीन पूर्ण खोलावे लागते, दुसऱ्यात एक स्क्रू फिरविला तरी भागते. तेव्हा दाब गेला, हे अर्धेच निदान झाले. तो कोठून गेला, हे शोधावे लागते.

काका मला नालासोपाऱ्याच्या एका गल्लीत घेऊन गेले. ताडपत्रीखाली एक म्हातारे मेस्त्री बसले होते, पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. मेस्त्रींनी इंजिनाला हात लावला नाही. “एक कागद द्या,” म्हणाले. माझ्या खिशात रविवारच्या सूचनांचे पत्रक होते, ते दिले. गाडी सुरू ठेवून त्यांनी तो कागद सायलेन्सरच्या तोंडाशी सैल धरला. धुराच्या झोताने कागद बाहेर फडफडत होता, परंतु मधूनमधून अचानक आत ओढला जाऊन नळीच्या तोंडाला चिकटे आणि पुन्हा सुटे. त्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी मान हलविली. दोघांना जे कळले ते मला कळायला अजून एक तास लागणार होता.

मग पुढची आसने वर उचलली. इंजीन येताना तापलेलेच होते, तसेच पाहिजे. थंड इंजिनाचा आकडा धरीत नाहीत. तिन्ही प्लग काढले. ठिणगीची आणि इंधनाची जोडणी सोडविली, म्हणजे इंजीन नुसते फिरेल, पेटणार नाही. बॅटरी मेस्त्रींनी आपली लावली. बॅटरी दुबळी असेल तर इंजीन हळू फिरते आणि आकडा खोटा कमी येतो. “रेस तळापर्यंत दाबून धरायची, नाहीतर हवा पुरती आत जात नाही,” ते म्हणाले. आसन उचललेले, त्यामुळे मी दारातून वाकून पेडल हाताने दाबून धरले. काकांनी किल्ली फिरविली. प्लगच्या भोकात बसविलेल्या घड्याळाचा काटा प्रत्येक फेरीला एकेक पायरी चढत गेला. पाच-सहा फेऱ्या झाल्या की थांबायचे आणि आकडा वाचायचा.

पहिला सिलिंडर १६५ पौंड. दुसरा १६०. तिसरा ८०.

मी म्हणालो, “म्हणजे गेलेच इंजीन.” मेस्त्री म्हणाले, “फादर, तिन्ही गेले असते तर मी वेगळे बोललो असतो. तिन्ही सारखे कमी असते तर टायमिंगचा पट्टा एक दात सरकला का ते आधी पाहिले असते. शेजारचे दोन कमी असते तर त्या दोघांमधले गॅस्केट पाहिले असते. इथे दोन धडधाकट आहेत आणि एकच आजारी आहे.”

नंतर त्यांनी तिसऱ्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजीन ऑइल सोडले. अधिक नाही, अधिक तेल घातले तर त्यानेच जागा भरते आणि दाब फसवा वाढतो. पुन्हा मोजले. रिंगा झिजलेल्या असतील तर हे तेल त्यांच्या फटी काही क्षण बुजविते आणि आकडा चांगलाच वर जातो. आकडा ८५ वर थांबला. तेव्हा दाब रिंगांवाटे जात नव्हता. अडतीस हजारांचे निदान एका चमचाभर तेलाने खोटे ठरले.

शेवटची परीक्षा मला सर्वांत आवडली. मेस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणला, जेथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत. गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावले, नाहीतर हवेच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. मग कॉम्प्रेसरची नळी प्लगच्या भोकाला जोडून आत हवा सोडली आणि म्हणाले, “आता सगळ्यांनी गप्प बसा.” हवा कोठून तरी निसटणारच, ती कोठे सुसकारते तेवढे ऐकायचे. हवा आत घेण्याच्या वाटेशी आवाज आला तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. तेल ओतण्याच्या झाकणाशी आला तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. आम्ही झाकणाशी कान लावला, तेथे जेमतेम हुंकार होता. रेडिएटरचे पाणी निश्चल होते. मेस्त्रींनी मला गाडीच्या मागे पाठविले. पावसात ओणवे होऊन मी सायलेन्सरशी कान नेला. आत कोणीतरी दातांतून श्वास सोडीत असल्यासारखी शीळ येत होती.

धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. आधीचा कागद आत ओढला जात होता तो त्यामुळेच.

टॅपेटचे झाकण काढून मेस्त्रींनी फिलर गेजची पातळ पट्टी त्या व्हॉल्व्हच्या टोकाशी घालून पाहिली. ती आत जाईना. तेथे पाव मिलिमीटरहूनही बारीक अशी एक फट ठेवलेली असते. ती उगाच नसते. तापल्यावर व्हॉल्व्ह लांब होतो, त्याला ती मोकळीक लागते. येथे ती फट उरलीच नव्हती. त्यामुळे व्हॉल्व्ह तापला की आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नव्हता. धुराच्या व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तो बैठकीवर टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. टेकायला मिळाले नाही की तो निवत नाही, आणि त्याची कड जळू लागते. मेस्त्रींनी स्क्रू फिरवून फट ठीक केली आणि पुन्हा मोजले: १००. कड आधीच जळून गेली होती. हेड उतरवावे लागणार, परंतु इंजीन खोलायचे नव्हते.

“गाडी गॅसवर चालते ना?” मेस्त्रींनी विचारले.

चालते. २०२१ सालच्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपये ओलांडले, तेव्हा मीच सी.एन.जी.चे किट बसवून घेतले होते, आणि त्या काटकसरीबद्दल वार्षिक सभेत माझे कौतुकही झाले होते. मेस्त्री सांगू लागले. द्रव पेट्रोल आत जाताना उडते आणि थोडा गारवा देते; गॅस कोरडा, तो गारवा देत नाही. जुन्या काळी पेट्रोलातले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखे उपयोगी पडे. ते शिसे आपल्याकडे २००० सालापासून बंद झाले, आणि झाले ते आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. परंतु कोरड्या गॅसवर बैठक झिजत जाते, व्हॉल्व्ह वर वर सरकतो, आणि ती ठेवलेली फट हळूहळू मिटते. “गॅस वाईट नाही, फादर. गॅसवर लाखो गाड्या चालतात. फक्त दर दहा हजारांनी टॅपेट पाहायचे. किट बसविणाऱ्याने सांगितले नव्हते?”

मी काही उत्तर द्यायच्या आधीच काका म्हणाले, “सांगितले असेल. राहून गेले.”

त्या रात्री मी काकांची वही मागून घेतली. तेलाची पातळी दर आठवड्याला लिहिलेली. तीन वर्षांत एकदाही खाली गेलेली नव्हती. रिंगा गेलेल्या इंजिनाची वही अशी नसते. आणि दर दहा हजार किलोमीटरला एक ओळ होती: ‘टॅपेटसाठी फादरांना सांगितले.’ चार वेळा. मग मी धर्मग्रामाच्या खर्चाच्या फायली काढल्या. २०२२ सालच्या एका अंदाजपत्रकावर ‘टॅपेट सेटिंग’ या बाबीवर रेघ मारलेली होती आणि शेजारी माझ्या अक्षरात लिहिले होते, ‘पुढील वेळी पाहू’. रक्कम होती साडेसहाशे रुपये.

हेड उतरविले तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. मेस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. त्याच्या कडेचा एक लचका कोणी उंदराने कुरतडावा तसा गेलेला होता. मग त्यांनी हेड उलटे करून त्यावर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून पाहिली. तापून हेड वाकले असते तर पट्टीखाली फट दिसली असती. फट नव्हती. गॅस्केटही कोठे फुटलेले नव्हते. मे महिन्यातल्या त्या दीड किलोमीटरने इंजिनाचे काही बिघडविले नव्हते. नवे व्हॉल्व्ह, ते बैठकीवर पेस्टने घासून बसविणे, नवे गॅस्केट, मजुरी, सारे मिळून नऊ हजार चारशे रुपये झाले. जोडल्यावर पुन्हा मोजले: १६५, १६५, १६०.

परिषदेची सभा मी मुद्दाम बोलाविली. तो व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला आणि वहीतल्या चार ओळी वाचून दाखविल्या. नंतर फाइलीतील माझी ओळ वाचली. ती वाचताना आवाज नेहमीसारखा निघाला नाही. खजिनदार म्हणाले, “फादर, तुम्ही पैसे वाचवायलाच तर ते केलेत.” ते मला सावरीत होते हे मला कळत होते. मागच्या सभेत काकांना सावरायला कोणी बोलले नव्हते, मी सुद्धा. ठराव रद्द झाला. ज्यांनी तरुण चालकाचे नाव सुचविले होते त्यांनीच रद्द करण्यास अनुमोदन दिले, हे येथे नोंदवितो.

माफी मागायला मी काकांच्या घरी गेलो. ते ओटीवर सुरी घेऊन नारळाच्या झावळ्यांचे हीर काढीत बसले होते. मी जे बोलायचे ठरवून गेलो होतो त्यातले निम्मे विसरलो. त्यांनी ऐकून घेतले आणि हीर बाजूला ठेवले. म्हणाले, “पाइप फुटला तेव्हा मी थांबायला पाहिजे होते, फादर. हेड वाकले नाही ते नशीब. चूक ती चूकच. पण मागे मास्तर बसले होते, त्यांना श्वास घेता येत नव्हता. रिक्षा मिळेपर्यंत...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मीही विचारले नाही की हे सभेत येऊन का सांगितले नाही. सभेत त्यांना बोलावलेच नव्हते.

आता टॅपेटची नोंद मी स्वतः करतो. त्यासाठी काकांच्या वहीतच एक पान राखले आहे. त्यावर किलोमीटर ते लिहितात आणि शेजारी सही मी करतो. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू करायची, इंजीन तापले की मग गॅसवर घ्यायची, हाही नियम झाला आहे. रेल्वेच्या पुलावर ती आता तिसऱ्या गिअरमध्ये चढू शकते. काका मात्र दुसऱ्यातच घेतात. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, पहाटे मागची माणसे झोपलेली असतात, हिसका बसायला नको.